चवळीखाऊ नगराध्यक्ष

आमच्या सोरोबाला गावात कुणी परका माणूस येऊन नगराध्यक्षांचं घर विचारतो, तेव्हा त्याला उलट प्रश्न येतो, "आत्ताच्या का आपल्या?" आत्ताचे बदलत असतात. आपला एकच झाला, बुरामा त्रावरे, आणि तोही एकाच मुदतीपुरता. त्याच्या दुकानाच्या ओसरीवर माझं शिलाई मशीन सारं आयुष्य चाललं, म्हणून त्याच्याबद्दल कुणी ऐकीव गोष्टी सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. राजधानीतून, बामाकोहून, एक वार्ताहर आला होता. त्याने लिहिलं, 'गरिबीतून वर आलेला उदार व्यापारी.' उदार! बुरामा कुणाला सुईसुद्धा फुकट द्यायचा नाही. माझ्याकडून ओसरीचं भाडं घ्यायचा आणि वर स्वतःचे झगे माझ्याकडून उसवून, उलटे करून पुन्हा शिवून घ्यायचा. त्याचं मोठेपण दुसरीकडे होतं, आणि ते सांगायचं तर आधी चवळीचं सांगायला हवं.

आमच्याकडे त्रावरे आणि कोने या दोन घराण्यांचं थट्टेचं नातं आहे. कधीपासून, ते कुणाच्या आजोबालाही सांगता आलं नसतं. कोनेने त्रावरेला भर बाजारात चवळीखाऊ म्हणायचं, दोघांनीही एकमेकांना आपला गडी म्हणायचं. लग्नात वाट अडवायची, मयताच्या दारात आडवं पडायचं, आणि काहीतरी पदरात पडल्याशिवाय उठायचं नाही. चवळीने पोटात वारा धरतो, म्हणून ही शिवी; चवळी तशी सगळेच खातात. पण आपण खातो हे कबूल करायचं नाही, आणि दुसऱ्याच्या ताटात दिसली की बोंब ठोकायची. एवढ्या सगळ्यात मनाई एकाच गोष्टीची, ती म्हणजे रागावण्याची. आणि चाललेल्या थट्टेत मध्येच समोरच्याने खरंखुरं काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही.

बुरामाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली, सिरा कोने चवळीचे वडे तळायची. आता कल्पना करा. एका बाजूला त्रावरे, दुसऱ्या बाजूला कोने, तिच्यापुढे कढई आणि कढईत चवळी. आमच्या गल्लीला करमणुकीची कधी वाण पडली नाही.

सकाळी बुरामाने दुकानाची फळी उघडली रे उघडली, की सिरा ओरडायची, "बायांनो, वारा कुठून येतोय ते बघून बसा गं! त्रावरे उठलाय!"

"तू अजून जिवंत आहेस?" बुरामा तिकडून. "माझी गडीण असून मालकाच्या आधी मरायचंही कळत नाही तुला."

"तुझ्या तोंडाला चवळी लागलीय, ती पूस आधी."

तिच्या तोंडात पुढे एकच दात उरला होता, आणि शिव्या सगळ्या त्याच्या बाजूच्या फटीतून यायच्या. वयाने ती बुरामाच्या आईच्या जवळपासची. तो तिच्याकडचे वडे मागच्या दाराने, माझ्यामार्फत मागवायचा आणि मिठाच्या पोत्यांआड बसून खायचा. सिराला हे पक्कं ठाऊक होतं. मी कढईजवळ गेलो की ती विचारायची, "बेम्बा, तुझं पोट एवढंसं, मग हे बाकीचे वडे तुझं मशीन खातं का?"

बुरामा मिठाचा व्यापारी. वाळवंटातून निघालेल्या मिठाच्या लाद्या नदीने होड्यांतून आमच्याकडे उतरायच्या. तरुणपणी तो फुटकं मीठ गाढवावर लादून वाड्यावाड्यांवर विकत हिंडला. कुठल्या घरात किती तोंडं, कुणाची गाय आटली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, हे सगळं त्याला मिठाच्या निमित्ताने कळायचं. पुढे दुकान झालं, दोन बायका झाल्या, मालमोटारीत हिस्सा झाला, पण लादी तो स्वतःच फोडायचा. फोडताना चुरा पडतो, तोसुद्धा गोळा करून गुरांसाठी विकायचा. म्हणून म्हणतो, उदार नव्हता. पण मापात कधी खोट नाही. पावसाळ्यात वाटा बंद होऊन मीठ दुर्मीळ झालं की बाकीचे व्यापारी भाव चढवत. बुरामाचा भाव तोच. मी एकदा त्याला वेडा म्हणालो, तर म्हणाला, "बेम्बा, उन्हाळ्यात पुन्हा त्याच दारात जायचंय मला." हा त्याचा सगळा धर्म होता, आणि मला तो फार आवडायचा.

मग सरकारने ठरवलं, की आता वरून साहेब पाठवायचे नाहीत, गावोगावच्या लोकांनीच आपला नगराध्यक्ष निवडायचा. सोरोबाला आणि आजूबाजूच्या वाड्या मिळून एक. असलं काही आम्ही पूर्वी पाहिलेलंच नव्हतं. एक शिकलेला उमेदवार होता, एक बड्या जमिनीवाला होता. मिठाच्या दुकानाशी चहाला जमणाऱ्या मंडळींनी बुरामाला उभा केला. आधी तो नाहीच म्हणत होता. त्याला सही येत होती, बाकी लिहिणं-वाचणं बेताचंच.

सिराने समोरून ऐकलं आणि कढई तशीच सोडून आली. "हा? हा नगराध्यक्ष? अरे, ह्याला खुर्चीवर बसवाल तर ती खुर्ची मग दुसऱ्या कुणाला बसायच्या लायकीची राहील का?" लोक हसून लोळायचे बाकी राहिले. त्या हसण्यात बुरामा हो म्हणून गेला.

प्रचार सिरानेच केला म्हणायला हरकत नाही. ती ओढ्यापलीकडच्या कोनेबुगूची. आमच्यात आणि कोनेबुगूत एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात शेळ्या चरतात, पावसाळ्यात तो नदीच होतो. तिकडच्या सभेत ती बुरामाच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "हा चवळीखाऊ आहे. कंजूष आहे. मुलखाचा हट्टी आहे. पण तुमच्यापैकी एकाने सांगा, ह्याने कधी मापात मारलंय?" तिने साऱ्या सभेवरून नजर फिरवली. "मग द्या मतं त्याला. माझाच गडी आहे, पळून कुठे जाणार?"

लोक टाळ्या पिटत होते. बुरामा म्हणाला, "आणि निवडून आलो तर ह्या बाईला चवळीचं पोतं!"

पुन्हा हशा. पण सिरा हसली नाही. तिने खांद्यावरचं कापड काढून हातात घेतलं. "पोतं नको," ती म्हणाली. "मला बाळंतघर हवं. इथे, ओढ्याच्या ह्या अंगाला."

का, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सिराची मुलगी नियेले ओढ्याच्या काठावर बैलगाडीत गेली होती. ओढा फुगलेला, पलीकडे सोरोबालाचा दवाखाना डोळ्यांना दिसत होता, आणि पाणी उतरायची वाट बघता बघता पोटातल्या बाळासकट ती संपली. सिरा तेव्हापासूनच आमच्याकडे येऊन राहिली. त्या काठाकडे तिला बघवत नव्हतं.

"दिलं," बुरामा म्हणाला.

तो निवडून आला. काय सांगू मी त्या दिवसाचं! मी त्याला निळा झगा शिवला होता, गळ्याला पांढरी कशिदाकारी, शिलाई घेतली नाही. आमच्यातला एक माणूस, गाढवामागून चालत आलेला, त्या खुर्चीत बसला, आणि मला वाटलं की माझ्याच पाठीला कणा फुटला. पहिल्या वर्षात त्याने बाजारात विहीर खोदवली, खाटकांसाठी फरशी घातली. काम बघायला स्वतः उभा राहायचा. आणि मग एका इमारतीचा पैसा मंजूर होऊन आला. बाळंतघराचा. एकाच.

इथे व्यापारी मंडळी पुढे आली. त्यांचा म्होरक्या सुंगालो, सिमेंट आणि पत्र्यांचा व्यापारी, गोड बोलणारा. "बुरामा, बाळंतघर बाजाराशेजारी हवं. आजूबाजूच्या साऱ्या वाड्यांतून बाया येतील, सोबत नातेवाईक येतील, सगळ्यांचा धंदा वाढेल. तिकडे पलीकडे दिवा नाही, रस्ता नाही. शिकलेली सुईण तिथे राहील तरी का?" खोटं काही नव्हतं त्यात. हेच तर वाईट. बुरामा चार-सहा दिवस मिठाच्या लाद्यांकडे बघत बसला आणि मग बाजाराशेजारची जागा ठरवून आला.

मी मशीन थांबवलं. "आणि सिराला दिलेला शब्द?"

"अरे, ती सभेतली थट्टा होती."

"तिची नव्हती."

"बेम्बा, तू कपडे शिव." असं तो मला कधीच बोलला नव्हता.

पायाभरणीच्या दिवशी मंडप पडला, ढोल आले, तालुक्याचे मोठे साहेब गाडीतून उतरले. पायाचा चर आधीच खणून ठेवलेला. बुरामा माझ्याच निळ्या झग्यात ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला आणि बोलू लागणार, तेवढ्यात गर्दी दुभंगून सिरा आली, सरळ चरात उतरली आणि हात छातीवर घेऊन आडवी झाली.

"हा माझ्या गड्याचा खड्डा आहे!" आतून आवाज आला. "माझं देणं दिल्याशिवाय मी त्याला पुरू देणार नाही!"

सगळा मंडप खदखदून हसला. ढोलवाल्याने मयताचा ताल धरला. साहेबांनी शेजारच्या माणसाला आडनावं विचारली, कळल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीत मागे रेलले. "यात सरकारने पडायचं नसतं," म्हणाले. त्यांच्या मुलखातही अशी नाती आहेतच की. आता बुरामाने दोन शिव्या हासडायच्या, काय हवं ते विचारायचं, तिने ओढ्याकडे बोट दाखवायचं. सगळं सरळ होतं. खुद्द बुरामाही हसायला लागला होता. पण त्याची नजर सुंगालोकडे गेली. सुंगालो हसत नव्हता.

"ऊठ म्हातारे," बुरामा म्हणाला. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ते पार बाजारापर्यंत ऐकू गेलं. "हा खेळ नाही. शिपाई, काढा हिला बाहेर."

ढोल थांबला. शिपाई होता कुलिबाली, म्हणजे ना त्रावरे ना कोने, पण तोही आपल्या बुटांकडे बघू लागला. रागावला! त्रावरे कोनेवर रागावला! माझ्या शेजारच्या म्हातारीने तोंडावर कापड घेतलं, कुणाची अब्रू उघडी पडल्यासारखं. सिरा स्वतःच उठली. अंगावरची माती झटकली. त्याच्यापुढे येऊन तिने मान खाली घातली.

"चुकले, नगराध्यक्षसाहेब," ती म्हणाली आणि निघून गेली.

समारंभ कसाबसा उरकला. दुसऱ्या दिवशी बुरामाने दुकानाची फळी उघडली. समोरून सिरा उठून उभी राहिली. "साहेब, रात्री झोप बरी लागली ना? घरची मंडळी बरी आहेत ना?" एवढंच. खाली बसली आणि वडे तळू लागली. दुपारी मासेवाला कोने आला. हाच माणूस दरवेळी बुरामाच्या पोटावर बोट टोचून आत किती चवळी आहे ते विचारायचा. त्याने दोन्ही हातांनी मीठ घेतलं आणि 'साहेब, आभारी आहे' म्हणून गेला. शाळेतले कोने मास्तर, होडीवाले कोने, सगळेच्या सगळे कोने बुरामाशी आदराने वागू लागले. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. मारलेलं माणूस विसरतं. शिवी बंद झाली, की तुम्ही त्यांच्या लेखी परके झालात.

बुरामा वाळायला लागला. एका दुपारी तो ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. तीन चहा झाले. मग म्हणाला, "बेम्बा, मला कुणी शिव्या देत नाहीत रे."

मला त्याची कीव आली नाही. "मी देऊ?"

"तुझ्याने काय होणार."

"मग जिच्याने होईल तिच्याकडे जा. चार पावलांवर बसलीय. तिच्या लेकीला दवाखाना समोर दिसत होता, बुरामा, आणि तिला ओढा ओलांडता आला नाही. तुझ्यापुढे तर नुसता रस्ता आहे."

तो उठून आत गेला. मला वाटलं, आता ही ओसरीही गेली.

गुरुवारी बाजार भरला. बाजाराच्या ऐन गर्दीत बुरामा दुकानातून बाहेर आला. निळा झगा नव्हे, मीठ फोडायचा जुना सदरा अंगात. रस्ता ओलांडला, सिराच्या कढईपुढचं बुटकं स्टूल ओढलं आणि बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे कानाशी आलेले.

"काय देऊ, साहेब?" सिरा म्हणाली.

"चवळी."

"वडे?"

"वडे नकोत. शिजवलेली, नुसती चवळी. ताट भरून. वर तेल घाल."

शेजारची कांदेवाली उठून उभी राहिली. तिचं बघून बाकीच्या उठल्या. भरदुपारी, भरबाजारात, त्रावरे चवळी मागत होता, कोनेकडे! सिराने ताट भरलं. तेल थोडं बाहेर सांडलं. बुरामाने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. वडे नव्हते ते, की पोत्यांआड लपवून खाता येतील. तो खात होता आणि सगळं सोरोबाला बघत होतं. सुंगालोही आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. बुरामाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा घास घेतला. तेव्हा, खरं सांगतो, निवडून आला त्या दिवशीपेक्षा मला जास्त अभिमान वाटला. डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

अर्धं ताट संपलं तरी सिरा बोलेना. मग तिच्या त्या एका दाताच्या फटीतून आवाज आला, "अरे, हळू! ताट तरी सोड! जन्माचे उपाशी मेले त्रावरे!"

सारा बाजार हशाने फुटला. लोकांनी टोपल्या बडवल्या, मासेवाला कोने धावत आला आणि बुरामाच्या पोटावर टोचून ओरडला, "भरलंय! काठोकाठ भरलंय!" बुरामा तोंडात घास असतानाच हसत होता, रडत होता, चवळी सदऱ्यावर सांडत होती.

"तो चर बुजवतो," तो सिराला म्हणाला. "नवा तिकडे खणू. कुठे, ते तू दाखव."

"आधी ताट संपव," सिरा म्हणाली. "माझा गडी असून अन्न टाकतोस?"

कोनेबुगूत, काठापासून जरा वर, बाळंतघर उभं राहिलं. दारावर लांबलचक सरकारी नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळे त्याला चवळीघर म्हणतात. सुईण आली, राहिली, तिकडेच तिने लग्नही केलं. सुंगालोचं म्हणणं खोटं ठरलं असं मात्र मी म्हणणार नाही. बाजारवाल्यांचा धंदा वाढला नाही, आणि पुढच्या निवडणुकीत सोरोबालाच्या मतांनी बुरामाला पाडलं. कोनेबुगूची सगळी मतं मिळूनही पुरली नाहीत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीच्या वेळी फळी उघडली आणि लादी फोडायला घेतली.

"खुर्ची मोडली वाटतं!" समोरून सिरा.

"तू शेकोटीला नेलीस म्हणून ऐकलं," बुरामा म्हणाला. त्याचा चेहरा मी बघत होतो. पडलेला माणूस तसा दिसत नाही.

पुढे कितीतरी वर्षं तो दुकानात बसला. मालमोटारीतला हिस्सा विकला, एका बायकोला पुरलं, आणि थोरल्या मुलीला, सितानला, मिठाचा धंदा शिकवला. लोक बोलले, तर म्हणाला, तिला माप कळतं. मग एका पहाटे तो झोपेतून उठलाच नाही.

अंगणात प्रेत न्यायची तयारी झाली. सोरोबाला लोटलं होतंच, ओढ्यापलीकडून माणसं येतच राहिली. बाया कडेवर पोरं घेऊन आल्या, चवळीघरात झालेली. सिराला तिच्या भावाच्या नातवंडांनी हाताला धरून आणलं. वाकून अर्धी झाली होती, तो दातही गेला होता. ती उंबरठ्यावर येऊन बसली आणि दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवली.

हे होणारच होतं. घरच्यांनी तिला द्यायला मानाच्या कोलाच्या बिया आणि कोंबडा काढून ठेवला होता. बुरामाच्या भावाने ते पुढे केलं. "घे गं आजे, आणि सोड आमच्या माणसाला."

सिराने मान हलवली.

"मग काय हवं?"

आता ती काहीतरी भन्नाट बोलणार म्हणून लोक कान टवकारून, हसायच्या तयारीत उभे होते. सिराने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "ह्याला नेऊ नका," ती म्हणाली. "मी आता शिव्या कुणाला घालू?"

मौलवीसुद्धा खाली बघू लागले.

तेव्हा सितान बायकांतून पुढे आली. रडून तिचे डोळे सुजलेले. ती म्हातारीपुढे उकिडवी बसली.

"आजी, मला घाल," ती म्हणाली. "मीही त्रावरेच आहे. आणि आज सकाळी मी चवळी खाल्लीय."

सिराने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दिसतंच आहे," ती म्हणाली. "बापासारखीच. तोंडसुद्धा पुसता येत नाही."

मग तिने आपल्या कापडाच्या टोकाने सितानचं तोंड पुसलं, चौकटीवरचे हात काढले, आणि बुरामाला जायला वाट दिली.